दिताची नोकरी

दिता घरी आली की आधी बूट काढायची, मग पट्टा, मग बंदूक कपाटात ठेवून कुलूप लावायची, आणि माझ्याकडे न बघता विचारायची, "कुणी आलं होतं?"

कुणी ना कुणी आलेलंच असायचं. कुणाची डुकरं सुटलेली असायची, कुणाच्या जावयाने पिऊन पिकअप खड्ड्यात घातलेली असायची. ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवायची म्हणजे परक्यासारखं वाटतं, म्हणून लोक आमच्या दारात यायचे. दिता नसली तर मलाच सगळं सांगून जायचे. मी वीजघरात यंत्रांवर कामाला होतो. मला कायद्यातलं काही कळत नव्हतं, पण ऐकून घेता यायचं. मी ऐकायचो आणि ती जेवायला बसली की सांगायचो. त्यामुळे माझ्या बायकोने गरम भात फार कमी वेळा खाल्ला.

पॅसिफिक महासागरातलं आमचं बेट लहान आहे. एका टोकाला तोंडात सुपारी टाकून गाडी सुरू केली, तर ती थुंकायच्या आत दुसरं टोक येतं. झेंडा अमेरिकेचा, पण आमचा सगळा कारभार सायपान बेटावरून चालतो, विमानाने अर्ध्या तासावर. तिथे गव्हर्नर, तिथेच न्यायालय, तिथेच मोठा तुरुंग. आमच्याकडे एक मेयर, एक चर्च, एक दवाखाना आणि एक पोलीस ठाणं. त्या ठाण्याची कमांडर माझी बायको, बर्नादिता. सगळे दिता म्हणायचे, आणि रागावले की कमांडर म्हणायचे.

पोलिसात ती हौसेने गेली नव्हती. तिचे वडील समुद्रावर गेले ते परतले नाहीत. घरात आई आणि धाकटा भाऊ, आणि ठाण्यात वायरलेसवर बसायला माणूस हवा होता. ती जाऊन बसली. तिच्या आवाजाची लोकांना सवय झाली. मग एकदा गस्तीवरचे दोघेही फ्लूने पडले, तेव्हा गाडी घेऊन तीच गेली, आणि ज्याला तिने पहिल्यांदा पकडून आणलं तो तिचाच धर्मपिता निघाला. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्याने तिला हातात धरलं होतं तो म्हातारा दारूच्या नशेत शाळेच्या काचा फोडत होता. तिची आई, जिला सगळे आदराने तान रोमाना म्हणायचे, ईस्टरआधीचे उपासाचे चाळीसही दिवस तिच्याशी बोलली नाही. बोलली ती ईस्टरला, आणि बोलली काय, तर "मीठ दे."

पुढे निवडणुका आल्या. आमच्याकडे निवडणूक म्हणजे घराण्या-घराण्यांची. हिच्या मामांचा पक्ष हरला तेव्हा हिला ठाण्यातून उचलून धक्क्यावर बसवलं. महिन्यातून दोनदा जहाज यायचं, बाकी वेळ नुसतं ऊन. ती रोज वेळेवर जाऊन बसायची. मामांचा पक्ष पुन्हा जिंकला आणि हिला परत आणलं, तेव्हाही तशीच वेळेवर जाऊन बसली. आधीच्या कमांडरचं हृदय बिघडलं आणि तो उपचारांसाठी शेजारच्या ग्वाम बेटावर गेला तो तिकडेच राहिला. त्याच्यानंतर ज्यांचा नंबर होता त्या दोघांनी नकार दिला. एकाच्या बायकोने तर सरळ सांगितलं, की तू कमांडर झालास तर माझे भाऊ आपल्या घरी येणार नाहीत. दिताने मला विचारलं, "घेऊ?"

मी म्हटलं, "तुला हवंय का?"

"हवंय वगैरे काही नाही. पण कुणीतरी घ्यायलाच हवं ना."

अशी ती कमांडर झाली. तिला थकवा यायचा तो कामाचा नव्हता. आमच्याकडे गुन्हे असे किती असणार? थकवा होता तो ओळखीचा. ज्याला पकडायचं तो मावसभाऊ, ज्याने तक्रार केली तो चुलतभाऊ, आणि दोघांच्या आया एकाच बाकावर बसून प्रार्थना म्हणणाऱ्या. गावजेवणाला गेलो की ताटात लाल भात आणि भाजलेलं डुकराचं मांस वाढून घ्यायच्या आत कुणीतरी तिला कोपऱ्यात ओढून न्यायचं. परत येईपर्यंत माझं जेवून झालेलं असायचं.

अन्सेल्मोचं प्रकरण त्याच काळातलं. अन्सेल्मो आमच्या आळीतलाच. त्याची बायको रेमेद्या ठाण्यासमोर जेवणाचे डबे विकायची. अन्सेल्मो जंगलातल्या कड्यावर जाऊन वटवाघळं मारायचा. आमच्याकडे त्याला फानिही म्हणतात. फळं खाणारं मोठं वटवाघूळ, नारळाच्या दुधात अख्खं शिजवतात. माझ्या लहानपणी लग्न असो, बारसं असो, फानिही नाही तर पाहुणे नाक मुरडायचे. मग दोन मोठी वादळं आली, कड्यावरची झाडं उघडी पडली, वटवाघळं संपत आली, आणि कायदा झाला. मारायचं नाही, विकायचं नाही, शिजवायचं नाही. अन्सेल्मो मारत राहिला आणि सायपानच्या श्रीमंतांना गुपचूप पाठवत राहिला. दिताने त्याला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा धक्क्यावर बर्फाच्या पेटीसकट धरलं. पाच महिने तो सायपानच्या तुरुंगात होता. त्या पाच महिन्यांत त्याच्या मुलीचं लग्न झालं, त्याच्याशिवाय.

रेमेद्याने डबे विकणं थांबवलं नाही. दिता रस्ता ओलांडून गेली की तिलाही डबा द्यायची. फक्त एकदा म्हणाली, "तुझ्या घरातलं कुणी असतं तर तू काय केलं असतंस ते बघितलं असतं हं, कमांडर."

दिता म्हणाली, "मिरची जास्त घाल," आणि डबा घेऊन आली. घरी आल्यावर मात्र तिने तो उघडला नाही.

मग तान रोमाना आजारी पडली. वय झालं होतं, पोटात गाठ होती. ग्वामला न्यायचं म्हटलं तर म्हातारी म्हणाली, मला तिकडे मरायचं नाही, तिकडचा भात चिकट असतो. ती तिच्या जुन्या घरात होती आणि तिच्याजवळ तिचा मुलगा, गुंदो. गुंदो दिताहून धाकटा, बिनलग्नाचा. डुकरं पाळायचा, थोडी शेती करायचा, आणि आईची सगळी सेवा तोच करायचा. उचलून बसवणं, अंघोळ घालणं, रात्री पाठ चोळणं. दिता रोज जायची, पण ड्यूटीच्या आधी किंवा नंतर, तेही दहा-पंधरा मिनिटं, कमरेला वायरलेस खरखरत असताना.

म्हातारीने खाणं सोडलं. पेज दिली, नको. माशाचा रस्सा, नको. दवाखान्यातली फिलिपिनो नर्स म्हणाली, आता पथ्य वगैरे विसरा, तिला जे खावंसं वाटेल ते द्या.

एका रविवारी चर्चमधून आम्ही दोघं सरळ तिकडे गेलो. पायरीवर पोहोचलो आणि मला वास आला. त्या वासासारखा दुसरा वास नाही. नारळाचं दूध, आलं, आणि त्याखाली ते रानटी गोडसर काहीतरी. मी कित्येक वर्षांत तो वास घेतला नव्हता, तरी तोंडाला पाणी सुटलं. दिता पायरीवरच थांबली. क्षणभर वाटलं की ही माघारी वळेल. मग ती आत गेली.

म्हातारी उशीला टेकून बसली होती. गुंदो तिला वाटीतून भरवत होता आणि ती खात होती. नुसती खात नव्हती, बोटं चाटत होती. डोळ्यांत चमक होती. दिताला बघून म्हणाली, "ये. बस. आज मला भूक लागली."

दिता तिच्याशेजारी बसली. रुमालाने तिची हनुवटी पुसली. गुंदोने दुसरी वाटी भरली आणि बहिणीपुढे धरली.

"घे. गरम आहे."

"नको."

"आईबरोबर एक घास खा."

"नको म्हटलं ना, गुंदो."

त्याने वाटी माझ्याकडे वळवली. "लिनो, तू?"

मी दिताकडे बघितलंच नाही. म्हटलं, पोट भरलंय. खोटं होतं. सकाळपासून फक्त कॉफी झाली होती.

म्हातारीने वाटी संपवली, मग थोडं आणखी मागितलं. खाऊन झाल्यावर ती झोपली, आणि झोपेत तिचा चेहरा इतका शांत दिसत होता की मला वाटलं, चला, हे एक बरं झालं. दिता उठली. गुंदो भांडी घेऊन मागच्या चुलीकडे गेला होता. ती तिथे गेली, मी दारात उभा राहिलो.

"कुठून आणलंस?" तिने विचारलं.

"कुठून आणणार? कड्यावरून."

"विकत नाही घेतलंस?"

"विकणारा तर तूच आत टाकला होतास." तो भांडं घासत होता, वर बघत नव्हता. "मीच मारलं. एकच. ती रोज मागत होती, दिता. तू दहा मिनिटं येतेस, तुझ्यासमोर नाही मागायची. मी घरी असतो, मला ऐकावं लागतं."

दिता वळून अंगणात आली. आम्ही गाडीत बसलो. शेजारच्या अंगणांत बायका उगाचच कपडे वाळत घालत होत्या. वास सगळ्या आळीला आला होता.

संध्याकाळी ती परसात पाय बादलीत घालून बसली होती. तिचे पाय सुजायचे. मी तिला म्हटलं, "तू काही बघितलं नाहीस. सूप होतं, कशाचं ते तुला काय ठाऊक?"

"सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मग सार्जंट ताडेओला पाठव."

ती थकलेलं हसली. "ताडेओ गुंदोकडे जाईल, दोघं मिळून दोन बिअर पितील, आणि ताडेओ मला येऊन सांगेल की कोंबडी होती. मग मी ते लिहून घ्यायचं. आणि रस्ता ओलांडून रेमेद्याकडे डबा आणायला जायचं."

"आई आहे ती, दिता."

"आईला मी कुठे पकडतेय?"

मी म्हटलं, "निदान थोडं थांब. म्हातारीचं काय ते होऊन जाऊ दे."

"म्हणजे मी तिच्या मरणाची वाट बघायची?" ती म्हणाली. मग पाय बादलीतून बाहेर काढले. "अन्सेल्मोच्या वेळी थांबले नव्हते मी. त्याच्या पोरीचं लग्न होतं."

सोमवारी सकाळी मी कॉफी ठेवत होतो, तेव्हा रेमेद्या आली. डोक्याला फडकं बांधलेलं, हाताला पीठ. ती कधी आमच्या घरात आली नव्हती त्या प्रकरणानंतर. दिता गणवेश चढवत होती, ती तशीच बाहेर आली.

रेमेद्या उभ्यानेच म्हणाली, "मी काही बोलणार नाही, हे सांगायला आले. अन्सेल्मोही बोलणार नाही. आळीतल्या सगळ्यांना मी सांगितलंय. तान रोमानाने माझ्या तीनही बाळंतपणात माझं पोट चोळलंय. तिला खाऊ दे जे खायचं ते."

"बस ना," दिता म्हणाली.

"बसत नाही. भात चुलीवर आहे."

"रेमेद्या, मी सोडून दिलं तर अन्सेल्मोचे पाच महिने कशासाठी होते?"

रेमेद्याने हाताचं पीठ झटकलं. "ते असेही फुकटच गेले, बाई. तू आता आणखी कुणाचे घालवू नकोस."

ती निघून गेली. दिता दारातच उभी राहिली, शर्टाचं एक बटण लावायचं राहिलेलं. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं असं मला वाटतं. शिव्यांची तिला सवय होती. मी कॉफी दिली, ती तिने घेतली नाही. म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर. आईजवळ कुणीतरी बसायला हवं."

तेव्हा मला कळलं काय होणार ते.

गुंदो डुकरांच्या कोंडवाड्यापाशी होता. हातात उष्ट्याची बादली. बहिणीला बघून त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"थांब, यांना घालू दे," तो म्हणाला.

"घाल."

त्याने एकेका डोणीत सावकाश ओतलं. एका पिलाला मोठी डुकरं जवळ येऊ देत नव्हती, त्याला बाजूला घेऊन वेगळं घातलं. दिता ऊन लागत असताना तशीच उभी होती. मग त्याने हात धुतले, घरात जाऊन शिकारीची बंदूक भिंतीवरून काढून स्वतःच तिच्या हातात दिली. तिने कायद्याने जे वाचून दाखवायचं असतं ते वाचून दाखवलं. तो ऐकत होता, जसं काही पाद्रीबाबा वाचतायत.

गाडीपाशी गेल्यावर त्याने पुढचं दार उघडलं.

"मागे बस, गुंदो," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. सगळ्या सकाळीत तेवढ्याच एका गोष्टीने त्याचा चेहरा बदलला. तो मागे बसला, आणि मी गाडी वळून जाईपर्यंत बघत उभा राहिलो.

दुपारी दिता परत आईकडे आली. म्हातारी जागी होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं, पण अशा घरांच्या भिंती पत्र्याच्या असतात.

"गुंदोला कुठे ठेवलंयस?" म्हातारीने विचारलं.

"ठाण्यात. उद्या विमानाने सायपानला. न्यायाधीशांपुढे."

"मीपण खाल्लं. मला नाही नेणार?"

"तू आजारी आहेस."

"बरी झाले की ने मग."

"नेते," दिता म्हणाली.

म्हातारीने नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, "तू खायला हवं होतंस काल. खाल्लं असतंस तर तुला नेता आलं नसतं त्याला."

"म्हणूनच नाही खाल्लं."

हे ऐकून तान रोमानाने डोळे मिटले. ती रागावली का नाही ते मला आजवर कळलेलं नाही. तिने हात चाचपडत पुढे केला. आमच्याकडे वडीलधाऱ्यांचा हात हातात घेऊन त्यावर नाक टेकवतात. दिताने तिचा हात घेतला, वाकली, आणि वाकलेलीच राहिली. वायरलेस खरखरला तरी तिने उत्तर दिलं नाही. मीच तो तिच्या कमरेचा काढून बंद केला.

सायपानला गुंदोने गुन्हा कबूल केला. वकील म्हणाला, आई अंथरुणाला आहे हे सांग, शिक्षा पुढे ढकलतील. गुंदोने सांगितलं नाही. का, असं मी नंतर विचारलं तर म्हणाला, "बहिणीने मागे बसवलं, मग न्यायाधीशाची कशाला मनधरणी करू?" दोन महिन्यांची शिक्षा झाली. दिताने शिक्षा पुढे ढकलण्याचा अर्ज करावा असं मेयरनेही सुचवलं. ती म्हणाली, अर्ज गुंदोने करायचा असतो, कमांडरने नाही. मी त्या दिवशी तिच्याशी भांडलो. लग्नानंतर पहिल्यांदा मी ताट ढकलून उठलो. ती शांतपणे माझं ताट झाकून ठेवून आईकडे गेली. तिने रजा टाकली होती. नोकरीला लागल्यापासूनची पहिली लांब रजा.

आईला उचलून बसवणं, अंघोळ घालणं, पाठ चोळणं आता ती करत होती. तिला नीट जमत नव्हतं. म्हातारी म्हणायची, "गुंदो असं नाही धरत." दिता म्हणायची, "मग कसं धरतो ते सांग." शेवटी म्हातारीने सांगणंही सोडलं. पुन्हा तिने काही खाल्लं नाही. महिन्याच्या आतच ती गेली, सकाळी, मी पाणी आणायला बाहेर गेलो होतो तेव्हा. मी आलो तर दिता तिचे केस विंचरत होती. "गेली," एवढंच म्हणाली.

दफन होईपर्यंत आमच्याकडे रोज संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना होते. सगळं गाव यायचं. बायका यायच्या, तान रोमानाच्या शवपेटीपाशी रडायच्या, माझा हात धरायच्या. दिताच्या नात्यातल्या भाच्या-पुतण्या रांगेने मोठ्यांच्या हातावर नाक टेकवत येत होत्या, आणि दितापाशी आल्या की रांग हळूच वळायची. मी बघत होतो. ती पण बघत होती. तिने हात मांडीवर ठेवले आणि तिथेच राहू दिले.

गुंदोला दफनासाठी आणायची परवानगी मिळाली, पण सोबत पोलीस हवा होता. सायपानवाले माणूस द्यायला तयार नव्हते. "मी जाते," दिता म्हणाली. मी तिच्याबरोबर गेलो. मला वाटलं, ही दोघं विमानात एकटी बसली तर काय होईल कुणास ठाऊक.

तुरुंगाच्या दारात गुंदो आला तेव्हा वाळलेला दिसत होता. दाढी वाढली होती. आम्ही त्याच्यासाठी काळी पँट आणि पांढरा शर्ट नेला होता, तो त्याने घातला. नियमाप्रमाणे विमानात बेड्या लागतात. दिताने खिशातून बेड्या बाहेर काढल्या तसे त्याने स्वतःच हात पुढे केले.

"घट्ट होतात का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग ठीक."

आमची विमानं लहान, आठ-दहा माणसांची. वैमानिकाने आम्हाला मागच्या रांगेत बसवलं आणि एकदाही मागे बघितलं नाही. गुंदो खिडकीशी, मध्ये दिता, मी पलीकडे. विमान वर गेल्यावर त्याने विचारलं, "त्रास झाला का तिला?"

"शेवटी नाही. आधी झाला."

"पाठ चोळलीस?"

"चोळली. तिला माझं चोळणं आवडलं नाही."

"डावीकडे जोर द्यायचा नसतो. तिथे दुखायचं तिला."

"मला काय ठाऊक?" दिता म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. तेवढाच.  थोड्या वेळाने मी बघितलं तर गुंदो झोपला होता. तुरुंगात झोप लागत नसणार. त्याचं डोकं बहिणीच्या खांद्यावर कलंडलं होतं, आणि ती अगदी ताठ बसली होती, हलली तर तो जागा होईल म्हणून. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही ती हात उचलत नव्हती.

उतरताना तो जागा झाला. खिडकीतून बघितलं, धावपट्टीशेजारी सगळं कुटुंब काळ्या कपड्यांत उभं होतं.

"आता काढ हे," तो म्हणाला, "नाहीतर मावशी सगळ्यांसमोर तुझ्या थोबाडीत मारेल."

"मारू दे."

"मारू दे काय? मला बघवणार नाही ते. काढ."

तिने बेड्या काढून खिशात टाकल्या. मावशीने गुंदोला मिठी मारली आणि दिताकडे पाठ केली. थोबाडीत नाही मारली. दफन झालं. गुंदोने शवपेटीला खांदा दिला. संध्याकाळच्या विमानाने दिताने त्याला परत नेलं, या वेळी मी गेलो नाही.

नंतर ती आणखी तीन वर्षं कमांडर होती. कामात काही फरक पडला नाही. फरक पडला तो एवढाच, की आता तक्रारी घेऊन लोक आमच्या दारात येईनासे झाले. ठाण्यात जायचे, रांगेत उभे राहायचे, कागदावर लिहून द्यायचे. खरं तर तिला आयुष्यभर हेच हवं होतं. मी तिला एकदा म्हटलं, "बघ, तुझ्यामुळे गावाला शिस्त लागली." ती म्हणाली, "जेवायला वाढ." भात गरम होता. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवलो, आणि इतकी शांतता होती की मला रेडिओ लावावा लागला.

रेमेद्या मात्र यायची. कधी केळी घेऊन, कधी उगाच. एकदा म्हणाली, "तू चुकलीस हं, दिता. पण आमच्या अन्सेल्मोला आता झोप लागते." दिताने तिला बसायला सांगितलं, आणि या वेळी ती बसली.

निवृत्तीच्या दिवशी मेयरने तिला लाकडी पाटी दिली. पाटीवर तिचं नाव चुकीचं कोरलं होतं. कुणी फार आलं नव्हतं. ताडेओने भाषण केलं आणि मध्येच विसरला. घरी आल्यावर तिने बूट काढून कचऱ्यात टाकले आणि झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. आठवडाभर ती अशी झोपतच होती. मला भीती वाटायला लागली, नर्सला बोलावलं. नर्स म्हणाली, काही नाही, दमल्यात.

त्या वर्षी वादळाचा इशारा आला तेव्हा मी शिडीवर चढून खिडक्यांना फळ्या ठोकत होतो. माझे गुडघे आता साथ देत नाहीत. खाली कुणीतरी शिडी धरली. बघितलं तर गुंदो. तुरुंगातून आल्यापासून तो आमच्या अंगणात आला नव्हता. चर्चमध्ये दिसायचा, मान हलवायचा, तेवढंच.

"उतर, लिनो. पडशील."

मी उतरलो. त्याने सगळ्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या, छपराचे पत्रे दोरीने बांधले, पाण्याची टाकी भरून दिली. दिता दारातून बघत होती. तो हात धुवायला आला तेव्हा वारा वाढला होता, नारळाची झाडं वाकायला लागली होती.

"कॉफी घेणार?" तिने विचारलं.

"घेईन."

ती आत गेली, आणि लगेच परत बाहेर आली. हातात चमचा होता.

"साखर किती घेतोस रे?" तिने विचारलं. तिला खरंच आठवत नव्हतं.

गुंदो खांबाला टेकून बसला. त्याने हात पँटला पुसले.

"तीन चमचे," तो म्हणाला. "आणि दूध नको."